आक्कांच्या भिंगाखालची जत्रा

रेवाचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. "काका, आई गेली. सुबह... सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. रेवा चंडीगडमध्ये वाढलेली; गडबडली की तिच्या मराठीत हिंदी शिरते. मी म्हणालो, "कुणी बघितलं? नीट बघितलं का? डॉक्टर किती वेळानं आले?" पलीकडे ती मुलगी रडता रडता हसली. "काका, तुम्ही पण ना. अगदी आईसारखं विचारताय!" बरोबरच होतं तिचं. डॉ. विमल सरनोबत, म्हणजे आमच्या आक्का, यांच्याबद्दलची बातमी न तपासता घेणं हा त्यांचा अपमान झाला असता. पण या खेपेला बातमी खरी निघाली. त्याला आता दीडएक महिना झाला, आणि माझा संशय अजून पुरता फिटलेला नाही.

ज्यांनी आक्कांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळच्या कोल्हापूरच्या. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. नवरा सैन्यात कर्नल, चंडीमंदिरच्या छावणीत, आणि या स्वतः चंडीगड शहरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्याकडे रोगी येत नसे, रोग्याचा थेंब येई. रक्ताचा, लघवीचा, आणि ज्याचं नाव काढताच नातेवाइकांचे चेहरे उतरत, तो पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा. हे पाणी मुळात अगदी नितळ. त्यात पांढऱ्या पेशी असल्याच तर एखाद-दुसऱ्या. त्या वाढल्या की आत काहीतरी चाललंय असं समजायचं. आणि कोणत्या वाढल्या, कशा दिसतात, यावरून काय चाललंय ते ओळखायचं. पण या पेशी मोठ्या बनेल. बाटलीत फार वेळ राहिल्या की फुगतात, फाटतात, स्वतःची ओळख विसरतात. साधी पेशी दरोडेखोरासारखी दिसायला लागते आणि दरोडेखोर साध्यासारखा. आक्कांनी उभं आयुष्य या वेषांतरांवर संशय घेण्यात घालवलं, आणि तो संशय प्रयोगशाळेत ठेवून घरी यायची त्यांना सवय नव्हती. दूधवाल्याचं दूध, शेजारणीनं केलेली स्तुती, कर्नलसाहेबांचं "आलोच मी"... सगळं भिंगाखाली.

आणि शहर कोणतं, तर त्या वर्षांतलं चंडीगड! पंजाब पेटलेला. आखीव रस्ते, गोल चौक, फुलझाडं, आणि चौकाचौकांत वाळूच्या पोत्यांमागे बंदुका. बसमध्ये सीटखाली वाकून बघायचं आणि मगच बसायचं. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावायचा नाही, आत बॉम्ब असायचा. पोलिसाच्या वेषात पोलीसच असेल याची खात्री कुणी देत नव्हतं. दारावर टकटक झाली की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत. आमच्या शेजारच्या भल्ला आंटी गच्चीवरून साऱ्या सेक्टरवर पहारा देत. "आजकल किसी का पक्का नहीं, बेटा," असं म्हणताना त्या माझ्याकडेही रोखून बघत. मी नागपूरचा, सरकारी बँकेतून बदलीवर आलेला, नवं लग्न झालेला, मिशी ठेवावी की काढावी या विवंचनेत असलेला तरुण. माझ्यावर संशय घेण्याइतकं महत्त्व मला कुणी कधी दिलं नव्हतं, त्यामुळे मला ते जरा आवडायचंही. त्या शहरात बाकी सगळे संशयानं सुकत चालले होते आणि आक्का तेवढ्या खुलल्या होत्या. जगानं अखेर त्यांची पद्धत स्वीकारली होती!

आमची गाठ पडली ती मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. नाटक मी लिहिलं होतं, मीच बसवलं होतं, आणि कुणी अडवलं नसतं तर पडदाही मीच शिवला असता. वेढ्यात अडकलेला किल्ला, आतला दाणा संपलेला, किल्लेदार आणि त्याची बायको उपाशीपोटी किल्ला लढवतात, असं ते कथानक. बायको माझीच, शुभा. रंगमंचावर मात्र किल्लेदाराची. किल्लेदार होता सुधाकर निमकर, वाईचा, केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला. एरवी तालमीला उशिरा येऊन भजी तेवढी वेळेवर खाणारा हा गृहस्थ शेवटच्या आठवड्यात एकदम पेटला. दाढी लावून, फेटा बांधून तालमीला यायला लागला. "भूमिकेत शिरतोय," म्हणाला, तेही दात न उघडता. आवाज जड, चेहऱ्यावर वेदना, घास गिळतानाही डोळ्यांत पाणी. मी तर गहिवरलोच. शुभाला म्हटलं, "बघ, याला म्हणतात साधना. नाहीतर तू, अजून पाठांतरच करून राहिली."

"साधना काहून?" शुभा म्हणाली. "त्याच्या दाढीला कसलातरी वास येऊन राहिला. तुम्ही त्याच्या गळ्यात पडून डायलॉग म्हणा मग कळेल."

प्रयोग झाला. टाळ्या पडल्या. मी विंगेत उभा राहून त्या पुरेशा आहेत का याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेल्या एक बाई थेट आत आल्या. नाव नाही, गाव नाही. "काय रं नाटक्या," त्या म्हणाल्या, "किल्ल्यातला दाणा संपला म्हणतोस आणि किल्लेदाराचं गाल बघ की! वेढ्यात अडकलाय का सासुरवाडीला आलाय?"

"बाई, ती दाढी आहे," मी म्हणालो.

"दाढी वर आहे. खाली काय आहे?" आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्या निघून गेल्या. या कोण, काय करतात, ते मंडळातल्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांचा नाटक्या झालो, तो कायमचा.

त्याच सुमारास आमच्या सेक्टरमध्ये एक खबर उठली. भल्ला आंटींनी पहाटे समोरच्या बागेत एक माणूस बघितला होता. पंजाबातला भादव्याचा उकाडा, अंगाला कपडा नकोसा होतोय, आणि याच्या तोंडाभोवती मफलर! हातात सुरी. गूलरच्या झाडाशी, म्हणजे आपल्या उंबराशी, खुडबुड करत होता. लोकांनी जाऊन बघितलं तर खोडावर ताज्या खाचा. झालं! "निशान लगा गए जी, निशान!" खाचांचं टोक कुणाच्या घराकडे आहे यावरून सेक्टरमध्ये दोन तट पडले. पोलीस आले, झाडापाशी दोन शिपाई बसले, घरोघर चौकशी झाली. मफलरवाला कुणाच्या ओळखीचा? कुणाच्याच नाही. त्या दिवसांत कुणीच कुणाच्या ओळखीचं नसे.

नाटक होऊन आठवडा-दीड आठवडा गेला असेल. शुभाला ताप भरला. आम्ही आधी दगदगीचा म्हटलं. मग तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की खिडकीतला उजेड सोसेना, उलट्या थांबेनात. पंचकुल्यातल्या एका नर्सिंग होममध्ये तिला ठेवलं. तिथले डॉ. ग्रोव्हर अत्यंत सज्जन, हळू बोलणारे. त्यांनी तिच्या पाठीतून पाणी काढलं, इवलीशी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "भाईसाहब, सीधे शहर की लॅब. रास्ते में कहीं रुकना नहीं."

रुकना नहीं! त्या वर्षांत! हद्दीवरच्या नाक्यावर माझी स्कूटर अडवली, झडती झाली आणि खिशातून बाटली निघाली.

"इसमें क्या है?"

"पानी है जी."

"पानी है तो पी के दिखा."

"पीने का नहीं है. मेरी बीवी की पीठ का पानी है."

शिपायानं दुसऱ्या शिपायाला हाक मारली. "ओए, इधर आ! कहता है पीठ का पानी है." दुसऱ्यानं बाटली उन्हात धरली, हलवली, कानाशी नेली, वास घेतला. "पीठ में पानी किधर होता है? हमारी में तो नहीं है." मी हात जोडले, शुभाचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, शेवटी रडलो. आयुष्यात एवढा खरा रडलो नव्हतो, आणि नेमका त्यांना तोच अभिनय वाटला. साहेब येईपर्यंत बाटली जीपच्या तापलेल्या पत्र्यावर उभी. साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी त्या खासगी लॅबचा रिपोर्ट आला. मोठ्या, विचित्र, अपक्व दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्ताच्या कर्करोगाचा दाट संशय. डॉ. ग्रोव्हरांनी मला खुर्चीवर बसवलं. आजच पाठीच्या कण्यात औषध सोडावं लागेल म्हणाले, मग जमेल तसं मुंबईला न्या. औषध जहाल. रोग असला तर त्याला मारेल, नसला तर माणसाला पोळेल. मी विचारलं, "और अगर ये वो ना हो तो?" ते खाली बघून म्हणाले, "भाईसाहब, रिपोर्ट तो सामने है." आत शुभा डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडली होती. चोवीस वर्षांची. तिला वाटत होतं, मी बाहेर डॉक्टरांना नाटकाच्या गोष्टी सांगून राहिलोय.

मी नर्सिंग होमच्या फोनवरून आक्कांना गाठलं. का त्यांनाच, ते सांगता येणार नाही. शहरात पांढऱ्या पेशींची एवढी एकच ओळख होती. आक्कांनी सांत्वनाचा शब्द काढला नाही. "पाणी काढल्यावर किती वेळानं पोचलं?" मी नाक्याची सगळी कथा सांगितली. पलीकडून दीर्घ श्वास ऐकू आला. "म्हणजे उन्हात शिजवून नेलंस. त्या लॅबवाल्यानं पेशी न्हाई बघितल्या, भरीत बघितलं. ग्रोव्हरला सांग, मी आल्याबिगर औषधाला हात लावायचा न्हाई. मी येतोय." कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतात, पण त्या दिवशी ते 'येतोय' मला फौज निघाल्यासारखं वाटलं.

आक्का आल्या त्या फियाटमधून, मांडीवर चादरीत गुंडाळलेला मायक्रोस्कोप घेऊन, बाळंतिणीनं बाळ आणावं तसा. त्यांनाही नाक्यावर अडवलं होतं. "ये क्या है मैडम?" विचारणाऱ्या शिपायाचाच एक केस उपटून घेऊन त्यांनी तो त्याला भिंगाखाली दाखवला होता, आणि कोंड्यावर सल्लाही दिला होता. त्यांनी स्वतः शुभाच्या खाटेशी उभं राहून नवं पाणी काढून घेतलं, स्वतःच्या हातानं शेजारच्या खोलीत नेलं, काचेवर पसरलं, रंग दिला आणि खिडकीच्या उजेडात भिंगावर डोळा लावला. मी दारात. दिग्दर्शक म्हणून मला शांततेचा मोठा अभिमान होता. माझ्या नाटकांतल्या शांतता गाजलेल्या होत्या. पण ही शांतता माझ्यानं ऐकवेना. बऱ्याच वेळानं त्या डोकं न उचलता म्हणाल्या, "ये. बघ."

मला जांभळे ठिपके दिसले. काही तांदळाएवढे, काही वाटाण्याएवढे.

"कर्करोग म्हणजे टोळी," आक्का माझ्या कानाशी बोलत होत्या. "एका साच्यातली पोरं. एकाचं तोंड बघितलं की सगळ्यांचं बघितलं. आता हितं बघ. तो निळ्या कोटातला दांडगा दिसला? त्याला बघून लॅबवाल्या पोरानं बोंब मारली. पण त्याच्या बाजूला कोण उभं आहे? बारका भाऊ. पलीकडं मधला. तिकडं आजा. सगळ्या वयाची माणसं आहेत रं. ही टोळी न्हाई, जत्रा आहे. कुठल्यातरी विषाणूवर चवताळून जमलेली जत्रा."

मी आनंदानं ओरडलो.

"ओरडू नको!" त्यांनी माझ्या पाठीत रट्टा घातला. "मला लई पटायला लागलंय, म्हणूनच संशय येतोय. पोरगी ओळखीची आहे. आपल्याला जे हवं असतं ते भिंगाखाली लवकर दिसतं." आणि त्यांनी दुसरी काच लावली. मग तिसरी. स्वतःच्या डोळ्यांवर एवढा पहारा बसवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मोठ्या पदावरची माणसं स्वतःचं मत सोडून सगळ्या जगावर संशय घेतात. आक्कांची सुरुवातच घरापासून होती.

डॉ. ग्रोव्हरांनी सगळं ऐकून घेतलं. "मैडम, आपकी आंख पर शक नहीं. लेकिन मेरे सामने दो रिपोर्ट हैं और दो बातें हैं. वायरस है तो कौन सा है? आया कहां से? घर में कोई बीमार नहीं, आसपास कोई बीमार नहीं. मैं बैठा रहूं और वो दूसरी चीज़ निकली, तो?" माणूस बरोबर बोलत होता, हेच त्यातलं वाईट होतं. शेवटी ठरलं की उद्या सकाळपर्यंत थांबायचं. तोवर काही कळलं नाही तर औषध.

आक्कांनी मला पोलिसांपेक्षा वाईट उलटतपासलं. शुभा कुणाकुणाला भेटली? कुणाला ताप होता? मी मंडळातल्या प्रत्येकाला फोन केले. सगळे ठणठणीत. फोनवर साधं "तब्येत कशी आहे" विचारलं तरी लोक सावध होऊन "का बरं?" विचारत. निमकर तर म्हणाला, "छे, छे, मी एकदम पक्का," आणि फोन ठेवून मोकळा झाला.

दुपारी शुभाचे कपडे आणायला आक्का मला गाडीतून आमच्या सेक्टरमध्ये घेऊन गेल्या. बागेपाशी त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "झाडाखाली शिपाई कशाला?" मी मफलरवाल्याची गोष्ट सांगितली. सांगताना थोडी रंगवलीही असेन, सवयच ती. आक्कांनी करकचून ब्रेक दाबला. "कसलं झाड म्हणालास?"

"उंबर."

त्या उतरल्या आणि सरळ झाडाकडे चालायला लागल्या. शिपाई उठला. "मैडम, पीछे! सबूत है!" आक्कांनी त्याला हातानं बाजूला केलं, चष्मा वर सारला आणि खाचेतला वाळलेला चीक नखानं खरवडून बघितला. मग माझ्याकडे वळल्या. "नाटक्या, अतिरेकी उंबराचा चीक कशाला काढंल?"

"मला काय माहीत, बाप्पा!"

"आमच्याकडं हा चीक कापसाच्या फायाला लावून गालावर बसवतात. गालगुंडाला." त्या थांबल्या. "गाल सुजला की माणूस तोंडाला काय गुंडाळंल?"

"मफलर..."

"हितल्या लोकांना हे असलं औषध मी कधी करताना बघितलं न्हाई. तुझा अतिरेकी आपल्यातलाच आहे. आणि तुझ्या किल्लेदाराचं गाल उपाशी माणसाचं नव्हतं, हे मी त्याच दिवशी सांगितलं हुतं."

निमकरच्या क्वार्टरचं दार त्याच्या आईनं उघडलं. वाईहून नाटकासाठी म्हणून आलेली माउली, अजून इथंच होती. आक्कांनी चौकशी करायचा अवकाश, तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. "दोन्ही बाजूंनी टम्म फुगला होता हो! मीच म्हटलं, उंबर कुठे दिसतोय का बघ. चिकाचा फाया लावला, वर दाढी चिकटवली, कुणाला पत्ता नाही. बघता बघता उतरलं!" तिच्या मागे निमकर भिंतीला टेकून उभा होता.

"तुम्ही मला काढून मंडळातल्या पाटणकरला किल्लेदार केलं असतंत," तो मला म्हणाला.

खरं होतं. एका मिनिटात केलं असतं.

"चल आमच्याबरोबर," आक्का म्हणाल्या. "ग्रोव्हरला तुझ्या तोंडानं सांग. ह्या नाटक्याच्या बोलण्यावर तो विश्वास ठेवायचा न्हाई."

निमकर जागचा हलेना. "आक्का, तुम्हाला कळत नाहीये. पोलीस मला शोधतायत. सुरी, मफलर... आणि घरात नकली दाढी! नर्सिंग होमच्या दारातच शिपाई असतो. मला उचललं तर कुठे नेलं हेसुद्धा आईला कुणी सांगणार नाही." यावर आम्ही कुणीच हसलो नाही. त्या दिवसांत याहून किरकोळ कारणांसाठी माणसं उचलली गेली होती, आणि काहींच्या घरचे अजून वाट बघत होते.

आक्का त्याच्याजवळ गेल्या. आवाज खाली आणून बोलल्या. त्यांना आवाज खाली आणता येतो हे मला तेव्हा कळलं. "निमकर, तुला भीती वाटते ती खोटी न्हाई. मलाही वाटते. कर्नलसाहेबांना घेऊन मी स्वतः तुझ्याबरोबर ठाण्यावर येईन. पण उद्या सकाळी त्या पोरीच्या पाठीत जहर जाणार आहे. ते थांबवायला माझी काच पुरत न्हाई. तू लागतोस."

निमकर आईकडे बघायला लागला. आई त्याच्याकडे बघत होती.

"सुधाकर," ती म्हणाली, "चपला घाल."

डॉ. ग्रोव्हरांसमोर निमकर परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला. "सर, मुझे कनपेड़े हुए थे. नाटक के टाइम. मैंने दाढी में छुपाए." ग्रोव्हरांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग आक्कांकडे बघितलं, मग कपाळाला हात लावला. "दाढी में! वाह जी वाह." गालगुंडाचा विषाणू मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचू शकतो, आणि कधीकधी गाल सुजायच्या आधीच पोचतो, हे त्यांना ठाऊक होतं, फक्त या घरात तो आला कुठून हे कळत नव्हतं. तरी त्यांनी शुभाच्या रक्ताची आणखी एक तपासणी केली, लाळेच्या ग्रंथी बिघडल्या की रक्तात जे पाचकद्रव्य वाढतं त्याची. ते वाढलेलं निघालं. ते म्हणाले, "ठीक है मैडम. रुकते हैं." औषधाचा ट्रे नर्सनं परत नेला. तो जाताना मी त्याच्याकडे पाठ केली.

आक्का तरीही निश्चिंत झाल्या नाहीत. शब्द दिल्याप्रमाणे त्या निमकरला घेऊन ठाण्यावर गेल्या. ठाणेदारानं त्याला झाडापाशी नेऊन चीक काढून दाखवायला लावलं, हसला, आणि तरी त्याचं नाव लिहून ठेवलं. पुढे कितीतरी महिने सेक्टरमध्ये काहीही झालं की एक शिपाई निमकरकडे चहाला येऊन बसे. इकडे आक्का रोज आपल्या काचा पुन्हा पुन्हा बघत. मी म्हटलं, "आक्का, आता तरी..." तर म्हणाल्या, "आता तर जास्त. सगळे खूश झाले की चूक दबकत आत येते."

आणि मग एका सकाळी मी शुभाच्या खोलीत शिरलो तर ती उठून बसली होती आणि आरशात बघून संतापली होती. डावा गाल पुरीसारखा टम्म फुगला होता. "हे बघा! हे काय होऊन राहिलं? त्या निमकरला सोडणार नाही मी!" मी त्या गालाकडे बघितलं आणि व्हरांड्यात धावत सुटलो. "फुगला! फुगला!" नर्सेस जमल्या, ग्रोव्हर आले, त्यांनी त्या गालाला दोन बोटांनी हलकेच हात लावला आणि म्हणाले, "मुबारक हो जी." बायकोचा चेहरा वाकडा झाला म्हणून पेढे वाटणारा मी पृथ्वीतलावरचा पहिला नवरा असेन. शुभा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला कर्करोगाबद्दल आम्ही अजून सांगितलंच नव्हतं.

आक्का संध्याकाळी आल्या. गाल बघितला, पण त्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. मेंदूच्या आवरणांना सूज असली की मान ताठते, खाली वाकत नाही. त्यांनी शुभाच्या डोक्यामागे हात धरला. "मान खाली घाल बघू. हनुवटी छातीला लाव." शुभाची हनुवटी टेकली. "पुन्हा." पुन्हा टेकली. "दुखतंय?" "नाही." "खोटं बोलू नको." "नाही हो, आक्का!" तेव्हा कुठे त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

पुढे बदल्या झाल्या. आम्ही नागपूरला परतलो, सरनोबत कोल्हापूरला स्थिरावले. भेटी लग्नकार्यांतून व्हायच्या. आणि प्रत्येक भेटीत, कशी आहेस नाही, कधी आलीस नाही, आधी तेच: "मान खाली घाल." रेवाच्या लग्नात, अक्षता पडायच्या ऐन वेळी, नऊवारी आणि नथ घातलेल्या शुभाला त्यांनी भर मांडवात हनुवटी टेकवायला लावली. एकदा त्यांची गाडी नागपूर स्टेशनात थांबली, आम्ही डबा घेऊन गेलो होतो. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून त्यांनी शुभाचं डोकं धरलं. डबा घ्यायचं राहिलं. इतकी वर्षं गेली, दोन मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, तरी आक्कांना त्या पेशींबद्दल पक्की खात्री काही वाटली नाही. मी चिडवायचो, "आक्का, केस बंद झाली की!" त्या म्हणायच्या, "केस कधी बंद होत न्हाई रं. माणूस हिंडतंय तोवर तपास चालू."

गेल्या महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो. रेवानं दिवाणखान्यात आक्कांचा फोटो ठेवला होता, तोच रोखून बघणारा. माणसं येत होती, हात जोडत होती. शुभा पुढे झाली आणि हात न जोडताच उभी राहिली. मग तिनं हळूहळू मान खाली घातली. हल्ली तिची मान धरते, मणक्यांची झीज आहे, गळ्यात पट्टा घालायला सांगितलाय तो ती घालत नाही. हनुवटी अर्ध्यावर अडकली. तिनं आणखी जोर लावला, चेहरा कळवळला, तरी टेकेना. रेवा पुढे यायला निघाली. मी तिला थांबवलं.

शुभा तशीच वाकून फोटोला सांगत होती, "आक्का, दुखत नाही हो... नुसतं वय झालंय."